पदक अस्सल, पण कोणाचे?

वाचकाचे पत्र : माझे माहेर सांगोला तालुक्यातील. जुने घर उतरवताना माळ्यावरच्या ट्रंकेत एका पत्र्याच्या डब्यात पणजोबा व आजोबा यांची पदके सापडली. पणजोबा पहिल्या महायुद्धात ११० मराठा पलटणीत होते व बसऱ्याकडे गेले होते, आजोबा दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात होते, एवढेच घरात ऐकलेले आहे. डब्यात १९१४-१५ असा आकडा असलेली चांदणी, घोडेस्वाराचे चांदीचे गोल पदक, पंख असलेल्या स्त्रीचे पिवळसर पदक आणि सहा टोकांचा ‘बर्मा स्टार’ आहे. चांदणीच्या पाठीवर आणि पंखवालीच्या कडेवर एकच क्रमांक व पणजोबांचे नाव आहे. चांदीच्या पदकाच्या कडेवर मात्र भलत्याच माणसाचे नाव आहे आणि बर्मा स्टारवर काहीच लिहिलेले नाही. माझ्या भावाने मंगळवार बाजारातून आणखी दोन वस्तू आणल्या आहेत : पट्टीवर ‘शोलापूर १९३०’ असे लिहिलेले एक चांदीचे पदक आणि रणशिंग व मुकुट असलेला पितळी बिल्ला. वडिलांच्या अमृतमहोत्सवाला हे सारे घासून-पुसून एका फ्रेममध्ये लावायचे त्याच्या मनात आहे. यांतले खरे काय आणि खोटे काय? पितांबरीने घासावे का? आणि पुढेमागे विकायचे ठरले तर?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर :

सस्नेह नमस्कार. आपण पत्रासोबत दोन्ही बाजूंची आणि कडांचीही छायाचित्रे पाठवलीत, याबद्दल प्रथम आभार मानतो. बहुतेक मंडळी राजाचा चेहरा असलेली बाजू तेवढी पाठवतात आणि तिच्यावरून फारसे काही ठरत नाही. पदक अस्सल असणे आणि ते पदक आपल्या माणसाचे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो. पहिल्या गोष्टीचा निकाल धातू, माप आणि घडण पाहून लागतो. दुसरीचा निकाल कडेवरचा मजकूर आणि घरातले किंवा सरकारी दप्तरातले कागद एकमेकांशी जुळवूनच लावावा लागतो. आपल्या डब्यात या दोहोंची सरमिसळ झालेली आहे, म्हणून एकेक वस्तू स्वतंत्रपणे पाहू.

चांदणी आणि पंख असलेल्या स्त्रीचे पदक यांविषयी मला शंका वाटत नाही. पहिले म्हणजे ‘१९१४-१५ स्टार’. युद्धक्षेत्रात ३१ डिसेंबर १९१५ पूर्वी पोहोचलेल्या सैनिकांना तो मिळाला. त्याच्यासारखाच दिसणारा ‘१९१४ स्टार’ फ्रान्स आणि बेल्जियममधील सुरुवातीच्या महिन्यांच्या लढाईपुरता होता, आणि हे दोन्ही एकाच माणसाला मिळणे नियमात बसत नव्हते. म्हणून कोणी दोन्ही चांदण्या एकाच पट्टीवर लावून दाखवल्या, तर तो संच जुळवलेला आहे असे खुशाल समजावे. दुसरे म्हणजे ‘व्हिक्टरी मेडल’. ११० मराठा ही पलटण सहाव्या पुणे डिव्हिजनमधून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेली आणि डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत कुत-अल-अमारा येथे वेढ्यात अडकली. आपल्या घरातली बसऱ्याची आठवण, चांदणीवरचे साल आणि पाठीवर कोरलेले पलटणीचे नाव या तिन्ही गोष्टी एका रेषेत येतात. शिवाय दोन्हींवरचा क्रमांक एकच आहे. नावापेक्षा या क्रमांकाला मी जास्त वजन देतो, कारण त्या काळी कारकुनांनी मराठी नावे कानाला पडतील तशी इंग्रजीत लिहिली, गावाचे नाव कडेवर कधी घातले नाही, आणि एकाच पलटणीत एकाच नावाचे चार-पाच जण असणे मुळीच नवलाचे नव्हते.

आता चांदीचे पदक, म्हणजे ‘ब्रिटिश वॉर मेडल’. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला नग्न घोडेस्वार, त्याच्या घोड्याच्या टापांखाली प्रशियाच्या गरुडाची ढाल, आणि १९१४ व १९१८ ही साले. अस्सल पदकाचा व्यास ३६ मिलिमीटर असतो आणि वजन तीस ग्रॅमच्या थोडे मागेपुढे भरते. आपल्या छायाचित्रात घोड्याची आयाळ, स्वाराच्या पोटरीचे स्नायू आणि ढालीवरच्या गरुडाची पिसे स्वच्छ उठून दिसतात, टांगायची सरळ दांडी पदकाला घट्ट बसलेली आहे आणि ती फिरत नाही. हे सारे बरोबर आहे. तरीही कडेवर दुसऱ्याच माणसाचे नाव आहे, आणि त्याचा अर्थ लावताना दोन शक्यता तपासाव्या लागतात.

पहिली शक्यता अशी की, पदक मुळात त्या दुसऱ्या माणसाचेच आहे आणि कधीतरी ते आपल्या घरातील संचात येऊन बसले. असे घडणे फार अवघड नाही. तिघांपैकी चांदीचे पदक हेच गहाण पडण्यासारखे होते. सांगोल्यासारख्या दुष्काळी मुलुखात १९७२ साली किती घरांतली चांदी सराफाकडे गेली असेल, हे मी आपल्याला सांगायला नको. पुढे १९८० च्या सुमारास चांदीचा जागतिक भाव एकदम चढला तेव्हा ही पदके जगभर मोठ्या संख्येने मुशीत गेली. मागाहून घरातल्याच कोणीतरी जागा रिकामी दिसू नये म्हणून दुसरे तसेच पदक मिळवून त्या जागी ठेवले असेल, तर त्यात लबाडी नाही, फक्त नोंद राहून गेली एवढेच.

दुसरी शक्यता अशी की, मूळ नाव घासून काढून त्या जागी नवे नाव घातले गेले आहे. बाजारातील फसवणुकीचा हा सर्वांत जुना प्रकार आहे आणि तो ओळखायला महागडी साधने लागत नाहीत. लेथ वर्कशॉपमध्ये असणारा व्हर्नियर कॅलिपर घ्या आणि व्यास एका जागी न मोजता चार-पाच ठिकाणी मोजा. कड घासलेली असेल तर माप कुठे ३६ आणि कुठे साडेपस्तीस असे येते, आणि दांडीचा पंजा पदकाला जिथे पकडतो तिथे कड किंचित उंच राहिलेली दिसते, कारण कानस तिथपर्यंत पोहोचत नाही. मग घड्याळजी डोळ्याला लावतात तसले दहापट भिंग घेऊन कडेवरची अक्षरे पाहा. त्या काळच्या अधिकृत नावांची अक्षरे सहसा ठशाने ठोकलेली असत. अशा अक्षराचा तळ सपाट असतो, खोली सगळीकडे सारखी असते, आणि ठसा बसताना दबलेला धातू अक्षराच्या काठाशी नखाला जाणवेल न जाणवेल इतका वर आलेला असतो. ओळ मात्र कधीकधी किंचित वरखाली झालेली असते, कारण प्रत्येक अक्षर निराळे ठोकलेले असते. सुईने कोरलेल्या अक्षराचा तळ निमुळता असतो आणि वळणावर रेघ जाड-बारीक होते. एवढ्यावरून कोरलेले नाव म्हणजे खोटे नाव असा सरसकट निष्कर्ष मात्र काढू नका. एकोणिसाव्या शतकातील अनेक हिंदुस्थानी पदकांवर अधिकृत नावेच वळणदार लिपीत कोरलेली आढळतात. पदक कोणत्या काळाचे आहे आणि त्या काळी कोणती पद्धत होती, हे आधी ठरवावे लागते.

आपल्या छायाचित्रातील अक्षरे ठोकलेली दिसतात आणि रुंदीही सारखी वाटते, म्हणून मी पहिल्या शक्यतेकडे झुकतो. कॅलिपरची मापे आली की हा प्रश्न मिटेल. तोपर्यंत सराफाला कसोटीवर घासून पाहू देऊ नका. त्याचा हेतू वाईट नसतो, पण कसोटीचा एक ओरखडा कायमचा राहतो. जाता जाता आणखी एक गोष्ट सांगतो : हेच पदक ब्राँझमध्येही निघाले होते आणि ते मजूर दलांतील लोकांना, त्यांत हिंदुस्थानी मजुरांनाही, दिले गेले. म्हणून कोणाच्या घरी तांबूस रंगाचे ‘वॉर मेडल’ निघाले तर ते नकली म्हणून टाकून देऊ नये; ते चांदीच्या पदकापेक्षा दुर्मिळ असते.

बर्मा स्टारचा प्रश्न थोडा निराळा आहे. दुसऱ्या महायुद्धातील मोहिमांच्या चांदण्या ब्रिटिश सैनिकांना विनानाव मिळाल्या. हिंदुस्थानी सैन्यातील लोकांच्या चांदण्यांवर मात्र क्रमांक, हुद्दा, नाव आणि दल ही माहिती पाठीवर ठोकलेली असे. त्यामुळे आपल्या आजोबांचा स्टार नावाचा असायला हवा होता. तो कोरा आहे याचा अर्थ तो खोटा आहे असा होत नाही, तो आजोबांना मिळालेलाच आहे असे म्हणता येत नाही, इतकाच होतो. मूळ हरवल्यावर छावणीतील लष्करी शिंप्याच्या दुकानातून दुसरा आणून गणवेशावर लावण्याची पद्धत सैन्यात सर्रास आहे आणि तीत गैर काही नाही. ओतीव नकलेची शंका असेल तर मुकुटाखालची ‘जी आर आय’ ही गुंफलेली अक्षरे भिंगाखाली पाहा. साच्यातून ओतलेल्या नकलेत ती बोथट होतात, खोलगट भागात बारीक खड्डे दिसतात, आणि धातू थंड होताना आकसत असल्यामुळे सारा स्टारच मूळापेक्षा किंचित लहान भरतो. आजोबांना याच्या जोडीला आणखी काही पदके मिळाली असण्याचा संभव आहे. ब्रह्मदेशाच्या लढाईत उतरलेल्या माणसाला साधारणतः ‘१९३९-४५ स्टार’ आणि दुसऱ्या महायुद्धाचे वेगळे ‘वॉर मेडल’ ही मिळतच; ‘इंडिया सर्व्हिस मेडल’ मात्र तीन वर्षांच्या सेवेच्या अटीवर आणि केवळ हिंदुस्थानी दलांतील लोकांनाच मिळे. ट्रंकेचा तळ आणि अस्तर पुन्हा एकदा चाचपून पाहायला हरकत नाही.

रिबनींबद्दल आपण विचारले नाही, तरी दोन वाक्ये लिहितो, कारण सोलापूरकरांना सूत ओळखायला शिकवण्याची गरज नाही. जुन्या रिबनी रेशमी किंवा सुती असत. नोटा तपासायचा जांभळा दिवा अंधारात धरला असता ज्या रिबनीतले धागे निळसर पांढरे चमकतात, त्यांत युद्धानंतर प्रचारात आलेली चमक आणणारी रसायने किंवा कृत्रिम धागा असण्याची दाट शक्यता असते. परंतु रिबन बदललेली असणे हा पदकाचा दोष नव्हे. ती झिजते, म्हणून बदलली जाते. जुनी रिबन कितीही विटलेली असली तरी ती फेकू नका आणि धुऊही नका.

आता आपल्या बंधूंच्या खरेदीकडे येतो. ‘शोलापूर १९३०’ ही पट्टी, म्हणजे रिबनीवर मोहिमेचे नाव दाखवणारी धातूची फीत, बनावट आहे, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पाठीवर जमरूदचा किल्ला दिसतो, म्हणजे पदक १९०८ सालच्या ‘इंडिया जनरल सर्व्हिस मेडल’ या मालिकेतले आहे. या मालिकेसाठी बारा पट्ट्या मंजूर झाल्या. त्यांत वायव्य सरहद्द, अबोर, अफगाणिस्तान, वझिरिस्तान, मालाबार, ब्रह्मदेश, मोहमंद अशा मोहिमा आहेत, सोलापूर नाही. मे १९३० मध्ये आपल्या शहरात मार्शल लॉ पुकारला गेला आणि पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी झाली, हे सोलापुरातले शाळकरी पोरही सांगेल. नेमके तेच ओळखून ही पट्टी बनवलेली आहे. बनवणाऱ्याला गिऱ्हाईक कुठले आहे हे पक्के ठाऊक होते. मला या प्रकाराची चीड येते, कारण तो केवळ पैशांना फसवत नाही, शहराच्या दुःखाचाही बाजार मांडतो.

मात्र पट्टी खोटी असली तरी तिच्याखालचे पदक अस्सल असावे असे मला दिसते. राजाच्या बाजूला ‘कैसर-इ-हिंद’ अशी अक्षरे आहेत. पंचम जॉर्जच्या काळात हा मजकूर वझिरिस्तान १९२५ पर्यंतच्या पट्ट्यांच्या पदकांवर येतो. १९३० नंतरच्या पट्ट्यांच्या पदकांवर तो बदलून ‘इंडिए इंप’ असा झाला. म्हणजे पट्टीवरचे साल आणि पदकाचा काळ इथेच एकमेकांशी भांडतात. कडेवर एका माउंटन बॅटरीतील, म्हणजे डोंगरी तोफखान्याच्या तुकडीतील, ड्रायव्हरचे नाव आहे. इथे ड्रायव्हर म्हणजे तोफेचे भाग वाहणाऱ्या खेचरांचा माणूस. या बॅटऱ्या सरहद्दीवरील डोंगराळ मोहिमांत सतत असत, म्हणून मूळ पट्टी अफगाणिस्तान १९१९ किंवा वझिरिस्तानची असावी असा माझा अंदाज आहे. त्यातही वझिरिस्तान १९२५ ही पट्टी नव्हे, कारण ती हवाई दलाच्या थोड्याच लोकांना मिळाली. पट्टीच्या मागील बाजूस डाग दिलेल्या राखाडी धातूचा ओघळ दिसतो आहे. अधिकृत पट्ट्या रिव्हेटने जोडलेल्या असतात. तो डाग उष्णता देऊन काढण्याच्या फंदात घरी पडू नका, चांदीच्या दांडीला इजा होईल. जे आहे ते तसेच ठेवा आणि सोबत चिठ्ठी ठेवा की पट्टी बनावट आहे.

बिल्ल्याचा निकाल त्याच्या मुकुटानेच लागतो. एडवर्ड सातव्यापासून सहाव्या जॉर्जपर्यंतच्या बिल्ल्यांवर ट्यूडर मुकुट असतो, त्याच्या कमानी मध्यभागी गोल फुगून वर जातात. एलिझाबेथ राणीच्या काळी आलेल्या मुकुटाच्या कमानी मध्यभागी खाली दबतात. राणी गादीवर आली १९५२ साली. भारत त्याआधीच, २६ जानेवारी १९५० रोजी, प्रजासत्ताक झाला होता आणि मुकुटाची जागा अशोकस्तंभाच्या सिंहांनी घेतली होती. दबलेल्या कमानींचा मुकुट असलेला मराठा पलटणीचा बिल्ला अधिकृतपणे निघणे शक्यच नव्हते. भावाच्या बिल्ल्यावर तोच मुकुट आहे, आणि खाली पलटणीचे नाव आजच्या इंग्रजी लेखनात आहे. इंग्रजी अमदानीत त्यात एक ‘एच’ आणि दोन ‘टी’ असत. तेव्हा ही सरळ सरळ आधुनिक नक्कल आहे.

याच बिल्ल्याविषयी भावाला कोणीतरी ‘मागची बाजू खडबडीत आहे, म्हणून नकली’ असे सांगितल्याचे आपण लिहिता. निष्कर्ष बरोबर असला तरी कारण चुकीचे आहे. इंग्लंडमध्ये बनलेले बिल्ले बहुधा पत्र्यावर ठशाने दाबलेले असत, त्यामुळे समोरच्या आकृतीची उलटी छाप मागे उमटते आणि कडा साफ कापलेल्या असतात. हिंदुस्थानात मात्र, विशेषतः दुसऱ्या महायुद्धात, पलटणींसाठी स्थानिक कारागिरांनी पितळ ओतून केलेले ओबडधोबड बिल्लेही सैनिकांनी खरोखर वापरले. ते खडबडीत असतात, मागचे कान वेडेवाकडे झाळलेले असतात आणि तरी ते अस्सल असतात. अशा बिल्ल्यात झीज कुठे आहे हे पाहावे. वर्षानुवर्षे पॉलिश झालेल्या बिल्ल्याचे उंचवटे गुळगुळीत होतात, पण खोबणीत जुन्या पॉलिशची पांढुरकी किंवा हिरवट पूड साठलेली असते. नव्या वस्तूला आम्ल लावून जुनेपणा आणला असेल तर काळेपणा उंच भागावर आणि खोल भागावर सारखाच बसतो. महार रेजिमेंटसारख्या दलांत तर बिल्ल्याची रचनाच बदलत गेली आहे : १९४१ च्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा विजयस्तंभ होता, पुढे मशीनगन आल्या आणि नंतर स्तंभाच्या जागी खंजीर आला. अशा वेळी ‘हा आजोबांच्या टोपीवरचा’ असे सांगितले गेले, तर आजोबांची सेवा कोणत्या वर्षांतली हे विचारून रचनेशी ताडून पाहता येते.

घासण्याबद्दल माझे उत्तर ठाम नाही असे आहे. पितांबरी नको, चिंच नको, राख नको, ब्रासोही नको. पॉलिशने दरवेळी धातूचा एक पापुद्रा जातो, आणि पहिल्यांदा जातात ती राजाच्या कानाची पाळी, घोड्याची आयाळ आणि कडेवरची नावाची अक्षरे, म्हणजे नेमका पुरावाच. मऊ कोरड्या सुती कापडाने धूळ टिपावी, एवढे पुरे. पीव्हीसीच्या पारदर्शक पाकिटांत पदके ठेवू नका, त्यातून सुटणाऱ्या द्रव्याने तांब्या-पितळेवर हिरवा चिकट थर येतो. रबरबँड आणि वर्तमानपत्राचा कागद यांनी चांदी काळवंडते.

फ्रेमबद्दल माझे म्हणणे भावाला कदाचित रुचणार नाही, पण बाजारातल्या दोन वस्तू त्या फ्रेममध्ये लावू नयेत. आज घरातल्या सर्वांना ठाऊक आहे की त्या मंगळवार बाजारातून आल्या. तीस वर्षांनी कोणाला ठाऊक नसेल, आणि ‘आमच्या पणजोबांना शोलापूरचे पदक होते’ ही कथा कुटुंबात कायमची रुजेल. चांदीचे पदक आणि कोरा बर्मा स्टार खुशाल लावा, परंतु फ्रेमच्या पाठीवर कोणत्या पदकावर कोणते नाव आहे हे जसेच्या तसे लिहून चिकटवा.

विक्रीविषयी थोडक्यात. आपल्या पहिल्या महायुद्धाच्या पदकांची शंभरी भरली आहे, म्हणून पुराणवस्तूंसंबंधीचा १९७२ चा कायदा त्यांना लागू होऊ शकतो. त्याखाली खासगी व्यक्तीने अशी वस्तू परदेशी पाठवण्यास बंदी आहे आणि व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. परदेशातील कोणी ‘कुरियर करा, पैसे पाठवतो’ म्हणत असेल तर त्या वाटेला जाऊ नका. इंटरनेटवरचे लाखाचे आकडे शौर्यपदकांचे किंवा संपूर्ण कागदपत्रांसह असलेल्या संचांचे असतात. एकट्या ‘वॉर मेडल’ला तो भाव येत नाही. तरीही केवळ वजनावर देणे हा तोटाच आहे, कारण कडेवरच्या नावाला त्या माणसाच्या वंशजांच्या आणि पलटणीच्या संग्राहकांच्या लेखी चांदीपेक्षा अधिक किंमत असते.

कागदांचा शोध आजोबांपासून सुरू करा, ते सोपे पडेल. त्यांचे डिस्चार्ज सर्टिफिकेट किंवा पेन्शन बुक घरात असेल तर त्यावरचा सैन्य क्रमांक मिळवा आणि सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन त्यांच्या दलाच्या अभिलेख कार्यालयाला कसे लिहायचे ते विचारा. मराठा लाइट इन्फंट्रीतले असतील तर ते बेळगावला आहे. पणजोबांसाठी गावात पाहा. पहिल्या महायुद्धात किती माणसे गेली आणि किती परतली नाहीत, हे सांगणाऱ्या संगमरवरी पाट्या महाराष्ट्रातील अनेक गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत बसवलेल्या आहेत. सैनिकी सेवेबद्दल जमीन मिळाली असल्यास तलाठ्याकडील जुन्या फेरफारातही त्यांचे नाव सापडू शकते. अर्ज लिहिताना नाव पदकावर आहे त्याच इंग्रजी अक्षरांत लिहा, क्रमांक आणि पलटण आधी लिहा, आणि चांदीच्या पदकावरच्या त्या दुसऱ्या नावासाठी वेगळा अर्ज करा.